विश्लेषण : मॉरिशसची मराठी कुटुंबे पूर्वजांचे गाव कसे शोधतात?

जातवैधतेसाठी 1950 पूर्वीचा पुरावा लागला, की पांढरकवड्यातील माणूस पणजोबांचे नाव कोतवाल बुकात शोधतो. मॉरिशसमधील मराठी कुटुंबेही असाच शोध घेतात. पण त्यांचे पूर्वज जहाजाने निघून गेले, त्याला शतकाहून अधिक काळ लोटला. अनेक घरांत आता मूळ गावाचे नावही उरलेले नाही.

पूर्वज तिथे कसे पोहोचले?

ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी संपत आली, तेव्हा उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजाने कलकत्त्याहून आलेले 36 करारबद्ध मजूर पोर्ट लुई येथे उतरले. 1910 पर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय तेथे गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी, सातारा भागातील मराठी माणसे होती.

नोंदी कुठे आहेत?

मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये. प्रत्येक मजुराला क्रमांक दिला जाई. त्यापुढे वडिलांचे नाव, वय, उंची, जात, गाव आणि जहाज लिहिले जाई. पुढच्या काळातील अनेकांची छायाचित्रेही आहेत. वारसांनी आपल्यापासून मागे जात जन्म, विवाह, मृत्यूचे दाखले जमवायचे आणि त्या क्रमांकापर्यंत पोहोचायचे.

अडचण कुठे येते?

आडनावात. मजुराचे पहिले नावच पुढे अनेक घराण्यांचे आडनाव झाले. त्यामुळे गावाकडचे आडनाव वेगळेच असू शकते. कारकुनांनी गावांची नावे ऐकू आली तशी रोमन लिपीत लिहिली. शिवाय, नोंदीत ‘रत्नागिरी’ असलेले गाव आज सिंधुदुर्गात असू शकते, कारण तो जिल्हा 1981 मध्ये वेगळा झाला.

आता या शोधाला महत्त्व का?

‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ अर्थात ओसीआय कार्डासाठी साधारणपणे पणतवंडांपर्यंतचीच पिढी पात्र ठरते. मॉरिशसमधील भारतीय वंशीयांसाठी ही मर्यादा सातव्या पिढीपर्यंत वाढवल्याची घोषणा राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मार्च 2024 मधील दौऱ्यात केली.

कार्डाने काय मिळते?

आजीवन व्हिसा. मतदानाचा हक्क किंवा शेतजमीन खरेदीची मुभा मिळत नाही. मात्र वंश सिद्ध करण्यासाठी प्रत्येक पिढी पुढच्या पिढीशी कागदाने जोडावी लागते. मधल्या एखाद्या आजोबांचा दाखला सापडला नाही, तर पूर्वजाचा क्रमांक ठाऊक असूनही नाते सिद्ध करणे अवघड होते.