संगत निर्दोष आहे

माजरी जंक्शनवरून वणीकडे फुटणारी रेल्वेलाईन वर्धा नदी ओलांडते आणि यवतमाळ जिल्ह्यात शिरते. त्याच जिल्ह्यात, यवतमाळ शहरातल्या एका हॉटेलात, ३० डिसेंबर २०१७ रोजी दोन पुरुषांचा विवाहसोहळा झाला. त्यातला एक मूळचा यवतमाळचा, नोकरीसाठी अमेरिकेत गेलेला. प्रौढांच्या संमतीच्या समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारा कलम ३७७ चा भाग सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो ६ सप्टेंबर २०१८ ला. म्हणजे सोहळा आधी, निकाल नंतर.

अशी बातमी आली की आपल्याकडच्या पानठेल्यावर निदान तयार असतं: पोरगा बाहेर गेला, तिकडचं वारं लागलं. पोरगा बाहेर गेलाच नसेल तर मग होस्टेल, खाणीच्या क्वार्टरमधली टवाळ पोरं किंवा मोबाईल. एकूण काय, दोष संगतीचा. या निदानाचा एक फायदा आहे. ते तपासून पाहता येतं, आणि शास्त्रज्ञांनी ते तपासलंही आहे.

१९९६ साली कॅनडात रे ब्लँचर्ड आणि अँथनी बोगार्ट यांना एक विचित्र गोष्ट आढळली. ज्या मुलाला मोठे भाऊ जास्त, तो समलैंगिक असण्याची शक्यता थोडी जास्त. प्रत्येक मोठ्या भावामागे ही शक्यता साधारण एक तृतीयांशाने वाढते. मोठ्या बहिणींनी तसा फरक पडत नाही. पहिला विचार मनात येतो तो संगतीचाच: घरात पोरांचा गोतावळा, त्यातून काहीतरी वळण लागलं असेल. म्हणून २००६ मध्ये बोगार्ट यांनी सावत्र, दत्तक आणि दूर वाढलेले सख्खे भाऊ वेगवेगळे मोजले. एका छताखाली वाढलेल्या सावत्र वा दत्तक भावांचा काहीच परिणाम दिसला नाही. उलट त्याच आईच्या पोटचा भाऊ दुसऱ्या घरी वाढला असला तरी तो हिशेबात येत होता. प्रश्न घरातून उठून गर्भाशयात गेला.

तिथे काय घडत असावं? मुलाच्या पेशींत वाय गुणसूत्र असतं, आईच्या पेशींत नसतं. त्यामुळे मुलाच्या गर्भातली काही प्रथिनं आईच्या शरीराला परकी वाटू शकतात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. दरेक मुलाच्या गरोदरपणात ती वाढत जातील आणि पुढच्या मुलाच्या मेंदूच्या घडणीवर परिणाम करतील, असा अंदाज आहे. २०१८ मध्ये बोगार्ट यांच्याच गटाला समलैंगिक मुलांच्या आयांमध्ये अशा एका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं जास्त आढळली. अभ्यास छोटा होता, त्यामुळे यावर शिक्का मारायची घाई नको. शिवाय एका अंदाजानुसार या वाटेने साधारण सातांतल्या एका समलैंगिक पुरुषाचं स्पष्टीकरण मिळतं. तीन मोठे भाऊ असलेल्या मुलांतलीही शंभरातली पंचाण्णवएक मुलं मुलींकडेच आकर्षित होतात. तेव्हा तीन पोरं असलेल्या आईने चौथ्याकडे संशयाने पाहायचं कारण नाही.

वाढवण्याने कल ठरतो का, याची याहून कठोर परीक्षा नियतीनेच घेतली. जननेंद्रियांच्या गंभीर दोषामुळे किंवा अपघातामुळे काही मुलग्यांना डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून मुली म्हणून वाढवायला लावलं. फ्रॉक, वेण्या, नाव, सगळं मुलीचं. मोठेपणीचा कल समजलेली अशी सात उदाहरणं २०१६ च्या एका आढाव्यात एकत्र केली आहेत. सातही जण मुख्यत्वे स्त्रियांकडेच आकर्षित झाले. तान्हेपणापासूनचं वळण जिथे हरलं, तिथे होस्टेलचं एक वर्ष काय करणार?

मग सगळं जनुकांचं? तेही नाही. १९९१ मध्ये बेली आणि पिलार्ड यांनी समलैंगिक पुरुषांच्या भावांचा अभ्यास केला. एकबीज जुळा भाऊ ५२ टक्के वेळा समलैंगिक निघाला, द्विबीज २२ टक्के, दत्तक ११ टक्के. पण ही माणसं जाहिराती देऊन गोळा केली होती. ऑस्ट्रेलियातल्या जुळ्यांच्या नोंदवहीतून निवड केली तेव्हा एकबीजांचा आकडा २० टक्क्यांवर उतरला. २०१९ मध्ये पावणेपाच लाखांहून जास्त लोकांची जनुकं चाळून झाली. एकही ‘समलैंगिकतेचं जनुक’ मिळालं नाही, बारीकसा प्रभाव असलेल्या पाच जागा मिळाल्या. सगळे जनुकीय फरक एकत्र धरूनही माणसामाणसांतल्या फरकाचा ८ ते २५ टक्के भागच उलगडतो. हे सारे लोक युरोपीय वंशाचे होते, हेही लक्षात ठेवावं. स्त्रियांबाबतचं संशोधन तर पुरुषांच्या मानाने फारच तोकडं आहे, आणि ही तक्रार विज्ञानाच्या कितीतरी शाखांत करता येते.

मराठीत हा वाद नवा नाही. गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं देत. हस्तमैथुन आणि समलैंगिकता यांवरच्या अशाच प्रश्नोत्तरांसाठी १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिकतेचे अभ्यासक हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेत त्यांनी मुद्दा मांडला की असा कल उपजत असेल तर त्यात गैर काय? कर्वे खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. पण त्यानंतरच्या संशोधनाचा झुकाव बाबासाहेबांच्या बाजूने आहे. कारण एक नाही, पण बहुतेक धागे जन्माच्या आधीचे आहेत.

संगतीच्या सिद्धान्ताचं नुकसान पानठेल्यावर थांबत नाही. संगतीने लागलं म्हणजे उपायाने जाईल, असं घरचे धरून चालतात. मग ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ म्हणत कोणाच्या तरी लेकीचा त्यात बळी जातो, किंवा इंजेक्शनं, औषधं, ‘समुपदेशन’ यांवर पैसा ओतला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच वगळली आहे. लैंगिक कल बदलण्याचा दावा करणारे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये सर्व राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं आहे. भद्रावती, वरोरा, चंद्रपूर, कुठेही एखादा डॉक्टर हा ‘इलाज’ विकताना दिसला, तर त्याची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करा.