स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताचा व्यायाम

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया होऊन घरी परतलेल्या स्त्रीला हात हलवू न देण्याकडे घरच्यांचा कल असतो. हेतू मायेचा, परंतु परिणाम उलटा. खांदा आखडतो आणि वेणी घालणे, चोळी चढविणेही कठीण होऊन बसते. किरणोपचारासाठी हात डोक्याकडे न्यावा लागतो; तो न गेल्यास तेथेही अडचण येते.

म्हणून मूठ मिटणे-उघडणे, कोपर वाकविणे अशा हालचाली साधारणतः दुसऱ्या दिवसापासूनच सुरू करतात. जखमेतील नळी निघेपर्यंत हात सहसा खांद्याच्या वर नेत नाहीत. पुढे भिंतीवर बोटांनी वर चढत जाण्याचा व्यायाम येतो. ताण जाणवणे स्वाभाविक आहे. कळ आली की थांबावे.

काखेतील लसीकाग्रंथी काढल्यास त्या हातास सूज येण्याचा धोका राहतो. त्यामुळे जड काही उचलूच नये, असे वर्षानुवर्षे सांगितले जाई. मात्र अशी सूज असलेल्या १४१ स्त्रियांचा अभ्यास अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवीत केलेल्या व्यायामाने त्यांची सूज वाढली नाही. ती बळावण्याचे प्रसंग उलट घटले. याचा अर्थ पहिल्याच आठवड्यात भरलेली घागर उचलावी, असा नव्हे. पाणी काही काळ घरातील इतरांनी, पुरुषांनीसुद्धा, आणावयास हरकत नसावी.

रसायनोपचाराच्या काळात थकवा फार येतो. तेव्हा अंगणात दहा मिनिटे चालणेही पुरेसे. ताप आला, हात लाल वा गरम झाला, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.