‘नको’ म्हणणाऱ्या मुलाचं ताट

पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या सुमारे तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोनं वाढतं. वाढ मंदावली की भूकही कमी होते. घरात मात्र ‘हा काही खातच नाही’ अशी काळजी सुरू होते आणि दूध-बिस्किटांचा मारा होतो. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध प्यायल्यावर पोटात जेवणाला जागा उरत नाही. दुधात लोह जवळपास नसतंच, त्यामुळे रक्त कमी होण्याचा धोका वाढतो.

भाज्या, कडधान्यं, फळं, मासे, ऑलिव्ह तेल आणि गोड क्वचितच, हा भूमध्य समुद्राकाठचा पारंपरिक आहार या वयालाही मानवतो. २०१० मध्ये युनेस्कोनं त्याला वारसा म्हणून मान्यता दिली. पण २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं, की युरोपात मुलांमधला लठ्ठपणा सर्वाधिक आहे तो ग्रीस, इटली, स्पेन अशा दक्षिणेकडच्या देशांतच! तिथलीही मुलं गोड आणि पुड्यातल्या खाऊकडे वळली.

आपल्याकडे त्यासाठी महागडं ऑलिव्ह तेल कशाला? वरणात कुस्करलेली भाकरी, मऊ मुगाची उसळ, लाल भोपळा, काटे नीट काढलेला मासा पुरे. दाण्याचं कूट चालेल; अख्खे दाणे पाच वर्षांपर्यंत नकोत, ते श्वासनलिकेत अडकू शकतात.

नवी भाजी आवडायला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. म्हणून चमचाभरच वाढा, शेजारी बसून तुम्हीही खा. मुलानं तोंड फिरवलं तर न रागावता ताट उचला आणि दोन-तीन दिवसांनी तीच भाजी पुन्हा वाढा. वजन घटत असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.