प्राथमिक गणित : वार्षिक अध्यापन-नियोजन

प्राथमिक गणित : वार्षिक अध्यापन-नियोजन. इयत्ता पहिली ते पाचवीच्या गणितातील आशय, अध्यापनास प्रत्यक्षात मिळणारे दिवस आणि विद्यार्थ्यांचे पूर्वज्ञान यांचा मेळ घालून केलेली वर्षाची आखणी. वार्षिक नियोजन, घटक-नियोजन व दैनंदिन पाठटाचण अशा तिच्या तीन पायऱ्या मानतात. पाठ्यपुस्तकाच्या पृष्ठसंख्येस महिन्यांच्या संख्येने भागून येणारा तक्ता अनेक शाळांत वार्षिक नियोजन म्हणून दप्तरी लावला जातो. परंतु गणितातील घटक सारख्या वेळात आत्मसात होत नसल्याने अशा तक्त्याचा अध्यापनास फारसा उपयोग होत नाही. आकृत्यांची ओळख चुकली, तर ती पुढे केव्हाही भरून काढता येते. दशक-एककाची कल्पना दुसरीत कच्ची राहिली, तर हातच्याची बेरीज, वजाबाकी, गुणाकार व शेवटी चौथीतील भागाकार हे सर्वच लंगडे पडते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ (अंमल १ एप्रिल २०१० पासून) याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस व ८०० अध्यापन-तास ठरविले आहेत. रोज एक तासिका धरल्यास गणिताला कागदोपत्री २०० तासिका मिळतात. त्यांतून प्रारंभिक पडताळणी व उजळणीसाठी २०, मूल्यमापन व शालेय कार्यक्रमांसाठी १५ आणि राखीव म्हणून १० वजा केल्या, तर नव्या आशयास १५५ उरतात. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. नियोजनाचा आरंभ मात्र अशा वजाबाकीपासूनच व्हावा लागतो.

मुंबई उपनगरात ही वजाबाकी अधिक काळजीपूर्वक करावी लागते. जूनच्या मध्यास वर्ष सुरू होते व पहिले सत्र बहुतांशी पावसाळ्यातच जाते. अंधेरीचा भुयारी मार्ग पाण्याखाली गेला किंवा घाटकोपर-मुलुंडकडील लोकलगाड्या थांबल्या, की उपस्थिती रोडावते. शिक्षकही दूरवरून येणारे असतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला, तो अपवाद होय. पण एक-दोन दिवसांचा खंड जवळजवळ दरवर्षीचा आहे. त्यात चांद्र पंचांगामुळे सत्राची लांबी बदलते. गणेश चतुर्थी २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला, तर अधिक श्रावण आल्याने २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती. दिवाळीही त्याच प्रमाणात पुढे सरकली. म्हणजे गतवर्षीचा तक्ता तारखा बदलून पुन्हा वापरला, तर पहिल्या सत्रात सुमारे तीन आठवड्यांची चूक संभवते. एकमेकांवर आधारलेले उपघटक सलग दिवसांत घ्यावे लागतात. त्यामुळे मुसळधार पावसाच्या जुलैत मापन, आकृत्या, नाणी-नोटा असे तुटक घेता येणारे घटक ठेवणे अनुभवी शिक्षक पसंत करतात.

सर्वाधिक वेळ मागणारा घटक म्हणजे दोन अंकी संख्यांचे वाचन-लेखन. मराठीत ‘सत्तावीस’ म्हणताना आधी सात व मग वीस ऐकू येतात, पण लिहिताना दोन आधी येतो. मूल ७२ लिहिते ते याच कारणाने. शिवाय एकोणीस, एकोणतीस ते एकोणनव्वद या नावांत पुढील दशकातून एक उणा केलेला असतो आणि नव्व्याण्णव मात्र या नियमाबाहेर राहते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ असे दशक आधी घेणारे वाचनही दिले गेले, तेव्हा मोठा वाद झाला व विधिमंडळातही त्यावर चर्चा झाली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी या बदलाचे समर्थन केले होते. वादात भाषेच्या भवितव्याची चर्चा पुष्कळ झाली. वर्गातील तासिकांची फारशी झाली नाही. ‘वीस सात’ हा टप्पा घेतला, तर प्रचलित नावांसाठी वेगळ्या तासिका राखाव्याच लागतात, कारण बाजारात व घरी मुलाला ‘सत्तावीस’च ऐकू येणार.

मुंबई महानगरपालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू व कन्नड अशा आठ माध्यमांतून चालत आल्या आहेत. हिंदी, उर्दू व गुजरातीत संख्यानामांची अडचण मराठीसारखीच आहे. तमिळ, तेलुगू व कन्नडमध्ये वीसनंतर दशक आधी उच्चारले जाते. इंग्रजीत तेरा ते एकोणीस एवढ्याच संख्या उलट्या पडतात. तेव्हा एकाच इमारतीतील दोन माध्यमांच्या वर्गांना या घटकासाठी सारख्याच तासिका देणे योग्य नव्हे. मराठी माध्यमात काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे व सुट्या काड्या यांवर तीन-चार आठवडे गेले, तरी तो वेळ वाया जात नाही. दोन पाळ्यांच्या शाळेत हे साहित्य दोन्ही पाळ्यांना मिळेल, अशी व्यवस्थाही आधीच करावी लागते.

अपूर्णांकांच्या बाबतीत भाषा साहाय्यकारी ठरते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मूल भाजीवाल्याकडे ऐकतच असते. जुन्या अंकलिपीतील पावकी, निमकी, दीडकीचे पाठांतर आता मागे पडले असले, तरी शब्दांचा आधार घेता येतो. दशांश अपूर्णांकांसाठी १९५७ मध्ये आलेली दशमान नाणी पूर्वी सोयीची होती. २५ पैसे व त्यांखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेल्यामुळे पैशाचा व्यवहार मुलांनी पाहिलेला नसतो. आता मीटरपट्टीवरील सेंटिमीटर हे साधन अधिक उपयुक्त ठरते.

पूर्वज्ञानाची पडताळणी ही औपचारिकता राहू नये, हे २०२० नंतर प्रकर्षाने दिसून आले. जून २०२० मध्ये पहिलीत गेलेली मुले जून २०२२ मध्ये तिसरीत पोहोचली, ती वर्गात फारशी न बसताच. जुलै-ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यात ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबविण्यात आला. परंतु मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग १५ डिसेंबर २०२१ रोजी उघडले, तेही जानेवारीत पुन्हा काही आठवडे बंद होण्यासाठी. अशा तिसरीत पुस्तकातील पहिल्या पाठापासून आरंभ करणे निरर्थक होते. कमी घटक घेऊन दशक-एकक व वजाबाकी पक्की करणे हाच तेथे रास्त मार्ग होता.

नियोजनाच्या तक्त्यात योजलेल्या तासिकांशेजारी प्रत्यक्षात लागलेल्या तासिकांचा रकाना ठेवतात व घटक चाचणीनंतर तो भरतात. फरक दोन-तीन तासिकांचा असल्यास तो राखीव तासिकांतून भागतो. त्याहून मोठा असल्यास दिवाळीच्या सुटीपूर्वी दुसऱ्या सत्राची मांडणी नव्याने करावी लागते. पुढील वर्षी तो वर्ग ज्या शिक्षकाकडे जाईल, त्याच्या हाती निकालपत्रकाबरोबर हा रकानाही द्यावा.