वाटा आणि वेळा (लेखांक ७) : मुंबईच्या विमानाला सत्तर मिनिटे का लागतात?

मागच्या लेखात आपण रेल्वेने मुंबई गाठली. संभाजीनगरहून मनमाड ११३ किलोमीटर आणि तिथून पुढचे धरून एकूण ३७५च्या घरात. मनमाडचा हा वळसा विमानाला पडत नाही. चिकलठाणा विमानतळ ते मुंबई विमानतळ सरळ रेषेत जेमतेम २८० किलोमीटर भरते. जेट विमान उंचीवर ताशी ८००-८५० किलोमीटरने जाते, म्हणजे हे वीस मिनिटांचे काम. वेळापत्रकात मात्र सत्तरेक मिनिटे धरलेली असतात. मग वरची पन्नास मिनिटे जातात कुठे?

आधी दिल्लीचे विमान बघू. दिल्ली इथून सरळ रेषेत सुमारे ९८० किलोमीटर, मुंबईच्या साडेतीनपट. वेळ लागतो साधारण दोन तास, म्हणजे दुपटीहूनही कमी. ७०० किलोमीटर जास्त आणि मिनिटे फक्त पन्नास जास्त. भागून बघा, ताशी ८४० किलोमीटर येतात. विमानाचा खरा वेग हाच. बाकीची पन्नास मिनिटे मुंबईला जा की दिल्लीला, भरावीच लागतात. इब्न बतूताने दिल्ली ते दौलताबाद ही चाळीस दिवसांची वाट सांगितली आहे. त्याच्या काळी निम्म्या वाटेला निम्मे दिवस, असा सरळ हिशेब होता.

वेळापत्रकातली वेळ नुसत्या उड्डाणाची नसते. चाकांना लावलेले ठोकळे काढून विमान जागचे हलले की मोजणी सुरू होते आणि मुंबईत पुन्हा ठोकळे लागले की थांबते. मधे धावपट्टीच्या टोकापर्यंत संथपणे जाणे आले. चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि विमान वाऱ्याला तोंड देऊन उठते. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असला की ते शहराच्या अंगाने उठते आणि मुंबई नाकासमोर येते. वारा उलटा असेल तर जालन्याच्या बाजूला उठून मागे वळावे लागते. चढताना वेग कमी असतो, आणि धड उंची गाठते न गाठते तोच उतरण सुरू होते.

खरी मेख मुंबईत आहे. तिथल्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी बिनघोर विमाने उतरवता येत नाहीत. गर्दीच्या वेळी वर घिरट्या घालत नंबर लावावा लागतो. हा संभाव्य उशीर कंपन्या वेळापत्रकातच धरून ठेवतात. म्हणून 'आपण वेळेआधी पोहोचलो आहोत' या घोषणेचे मला फारसे कौतुक वाटत नाही.

आता घर ते घर मोजू. शहागंजच्या घड्याळ मनोऱ्यापासून चिकलठाणा आठेक किलोमीटर. सेव्हन हिल, सिडको, मुकुंदवाडी करत संध्याकाळी रिक्षाला अर्धा तास सहज जातो. दोन तास आधी पोहोचायचे, सत्तर मिनिटे विमानात, मग सामान आणि मुंबईची वाहतूक. दादरला टेकेपर्यंत साडेचार-पाच तास होतात. वंदे भारत सहाएक तासांत थेट दादरला सोडते. काम अंधेरीत असेल तर विमान ठीक. दादर-परळला असेल तर मी रेल्वेच धरीन. दिल्लीसाठी मात्र हा वाद घालण्यात अर्थ नाही.

पुढच्या आठवड्यात समृद्धी महामार्ग. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये खुला झाला. त्याने हे गणित कितपत बदलले, ते पाहू.