चौकातलं ऊन

मागच्या रविवारी जिन्याबद्दल लिहायचा वायदा केला होता, पण मधेच साताऱ्याहून एका वाचकांचं पत्र आलं. घर नवं, तीन पिढ्यांचं, दुमजली. हौसेनं मधोमध १२ बाय १२ फुटांचा चौक ठेवला, तुळस लावली. थंडीत आई पाट घेऊन उन्हाला बसायला गेल्या, तर ऊनच नाही. आई म्हणतात, ‘चौक कसला, ही तर विहीर!’

आईंचं बरोबर आहे. आपण चौक लांबी-रुंदीत मोजतो. तो उंचीतही मोजायचा असतो, तोही डिसेंबरात. २२ डिसेंबरला साताऱ्यात सूर्य भर माध्यान्ही, म्हणजे साडेबाराच्या सुमारास, दक्षिणेकडे ४९ अंशांवर असतो. त्याहून वर चढतच नाही. दक्षिण बाजू २० फूट उंच असेल तर तिची सावली साडेसतरा फूट पडते. चौक १२ फुटांचा! म्हणजे ऊन येतं ते समोरच्या भिंतीवर, जमिनीपासून सव्वासहा फुटांवर. आईंच्या डोक्यावरून जातं. छप्पर पुढे आलेलं असेल तर हिशोब भिंतीपासून नाही, पागोळी पडते त्या रेषेपासून करायचा. तिथे आणखी दीड-दोन फूट गेले.

दक्षिण बाजू एकमजली, साडेदहा फुटांची ठेवली असती तर सावली नऊ फुटांतच संपली असती आणि तीन फूट ऊन फरशीवर आलं असतं. शिवाय उत्तरेकडच्या ओसरीच्या तोंडाशीही आलं असतं. म्हणून म्हाताऱ्या माणसांची खोली मी चौकाच्या उत्तरेला काढतो, दार दक्षिणेकडे, चौकात उघडणारं. यावर हमखास भांडण होतं, कारण वास्तुशास्त्रवाले दक्षिण-नैऋत्य उंच करायला सांगतात. उन्हाळ्यात सावली मिळेल म्हणावं, तर मेच्या मध्यावर सूर्य थेट डोक्यावर. दक्षिणेच्या भिंतीचा तेव्हा काडीचा उपयोग नाही. तेव्हा सावली देते ती ओसरी.

एकाच चौकानं सगळं करावं हा हट्टही आपलाच. मेणवलीला कृष्णाकाठी नाना फडणवीसांचा वाडा बघून या, तिथे एकामागून एक चौक आहेत. आपल्या प्लॉटवर एकच बसतो. मग निदान तो कोणासाठी, हे आधी ठरवावं.

आता सातारकरांनी काय करावं? मजला उतरवा असं मी सांगणार नाही. चौकावर पारदर्शक पत्रा तर मुळीच टाकू नका. त्यानं ऊन वाढत नाही, मेमधली गरम हवा मात्र कोंडते. उत्तरेच्या वरच्या मजल्यावर चौकाच्या बाजूनं सज्जा असेल, तर दुपारचं ऊन तिथे आजही पडत असणार. आईंचा पाट वर न्या.

पण आईंचे गुडघे? पायरी किती उंचीची आहे ते मोजून कळवा. जिना पुढच्या रविवारी, नक्की.