दैनंदिन जीवनसंघर्ष आणि कॅथोलिक श्रद्धाचरण : मराठवाड्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : कॅथोलिक परंपरेत श्रद्धेची कसोटी विधींपुरती मर्यादित नसून नित्याच्या कर्तव्यांत, कष्टांत व नातेसंबंधांत ती लागते. ही भूमिका, तिचा वैचारिक आधार आणि मराठवाड्यातील कष्टकरी कॅथोलिकांच्या जीवनात तिला येणाऱ्या अडचणी यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : श्रद्धाचरण, पावित्र्य, गृहमंडळी, ऊसतोड, दलित ख्रिस्ती.

प्रस्तावना

धर्म म्हटला की सामान्यतः मंदिर, मशीद, चर्च, सण आणि उपवास डोळ्यांसमोर येतात. परंतु माणसाचे बहुतांश आयुष्य शेतात, स्वयंपाकघरात, बाजारात आणि कामाच्या ठिकाणी जाते. मग श्रद्धेचे स्थान कोठे, हा प्रश्न प्रत्येक धर्मपरंपरेपुढे उभा राहतो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्मीयांची संख्या १०,८०,०७३ म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी होती. त्यांतील वसई व मुंबई परिसरातील कॅथोलिक समाज मराठी वाचकांना काहीसा परिचित आहे. मराठवाड्यातील कॅथोलिक समाज मात्र अभ्यासकांच्याही दृष्टीआड राहिला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

निजामी राजवटीतील मराठवाड्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात वैजापूर तालुक्यातील घोगरगाव येथे कॅथोलिक मिशनकार्यास प्रारंभ झाला. हे कार्य करणारे धर्मगुरू संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने फ्रान्समधील ॲनसी येथे १८३८ मध्ये स्थापन झालेल्या संघाचे होते. पुढे १९७७ मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) हा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला. परभणी जिल्हा याच धर्मप्रांतात मोडतो. येथील कॅथोलिक समाज प्रामुख्याने पूर्वास्पृश्य जातींतून आलेला असून शेतमजुरी हा त्यातील अनेक कुटुंबांचा आधार राहिला आहे.

या संघाचे नाव येथे केवळ योगायोगाचे ठरत नाही. फ्रान्सिस द सेल्स (१५६७–१६२२) हे जिनिव्हाचे महागुरू होते. १६०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भक्तिजीवनविषयक ग्रंथात त्यांनी त्या काळी नवी वाटणारी भूमिका मांडली. भक्ती ही केवळ मठवासीयांची मिरास नाही. सैनिक, कारागीर, गृहिणी, विधवा या सर्वांना ती साध्य आहे, मात्र प्रत्येकाची भक्ती त्याच्या सामर्थ्यास व कर्तव्यास अनुरूप असली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. जी भक्ती माणसाच्या रास्त कर्तव्याच्या आड येते ती खोटी, हा त्यांचा निकष आजही मार्मिक वाटतो.

वैचारिक आधार

या विचारास अधिकृत व व्यापक रूप मिळाले ते द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेत (१९६२–१९६५). परिषदेने १९६४ मध्ये ख्रिस्तसभेविषयी जो मूलभूत दस्तऐवज स्वीकारला, त्याच्या पाचव्या प्रकरणात पावित्र्याचे पाचारण सर्वांनाच आहे असे स्पष्ट केले. त्याच दस्तऐवजानुसार प्रापंचिकांची कामे, प्रार्थना, कौटुंबिक जीवन, श्रम, विश्रांती आणि धीराने सोसलेले कष्ट हे सारे मिस्साबलिदानात ख्रिस्ताच्या अर्पणाशी जोडले जाते. म्हणजे वेदीवर भाकर व द्राक्षरस ठेवला जातो, तेव्हा आठवडाभराचे श्रमही तेथे ठेवले जातात. १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लॅटिनऐवजी लोकभाषेचा मार्ग मोकळा केला. त्यामुळे मराठवाड्यातील भाविकाची मिस्सा त्याच्या रोजच्या बोलीजवळच्या मराठीत होऊ लागली.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी मानली जाते. दळण-कांडणात विठ्ठल सोबती झाल्याचा त्यांचा अनुभव आणि अरणच्या सावता माळींनी मळ्यातच पाहिलेला देव या परंपरेत श्रम व भक्ती यांची फारकत नाही. दोन्ही परंपरांचे तत्त्वज्ञान एक नव्हे. वारकरी भक्तीत देव कामात सखा होऊन येतो, तर कॅथोलिक विचारात माणसाचे श्रम ख्रिस्ताच्या बलिदानात सामील होतात. तथापि कामाच्या आड देव येत नाही आणि देवाच्या आड काम येत नाही, ही जाणीव दोहोंत समान आहे.

आचरणातील अडचणी

तत्त्व सांगणे सोपे, आचरण कठीण. परभणी तालुक्यातील पिंगळीसारख्या कोरडवाहू परिसरातील गावांत पावसाने ओढ दिली की वर्षाचे गणित कोलमडते. जिल्ह्याच्या गंगाखेडसारख्या भागातून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोचा एक ‘कोयता’ धरायचा आणि साधारण दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत फडात राहायचे, असा हा क्रम. जे कॅथोलिक कुटुंब या क्रमात सापडते, त्याचा नाताळ हमखास फडावर येतो. उपवासकाळ आणि कधी कधी ईस्टरही तेथेच जातो. धर्मग्राम मागे राहतो, धर्मगुरू दूर असतात आणि रविवारची सुटी नसते.

अशा वेळी श्रद्धाभंग झाला असे समजावे काय? १९८३ च्या धर्मसभा-विधिसंहितेत याचे उत्तर आहे. रविवारी मिस्सेस उपस्थित राहणे हे कर्तव्य असले, तरी गंभीर कारणामुळे ते अशक्य झाल्यास कुटुंबाने वा कुटुंबांच्या समूहाने एकत्र प्रार्थना करावी, अशी शिफारस कलम १२४८ मध्ये आहे. विश्वपरिषदेने कुटुंबाला ‘गृहमंडळी’ म्हटले, त्याचा अर्थ येथे उमगतो. कोपीवर संध्याकाळी म्हटलेली जपमाळ, आईने मुलाच्या कपाळावर केलेली क्रुसाची खूण, आजारी सोबत्याच्या वाट्याची मोळी बांधून देणे ही दुय्यम दर्जाची उपासना ठरत नाही. त्या परिस्थितीत तीच उपासना असते.

सहनशीलता की मौन?

येथे एक धोका लक्षात घेणे आवश्यक आहे. ‘धीराने सोसलेले कष्ट’ या शब्दांचा उपयोग अन्याय निमूट सोसावा यासाठी होऊ शकतो. परंतु कॅथोलिक शिकवण तेवढ्यावर थांबत नाही. मराठवाड्यात मिशनकार्य रुजू लागले त्याच सुमारास, १८९१ मध्ये, पोप लिओ तेरावे यांनी आपल्या परिपत्रकात कामगाराला कुटुंबासह सन्मानाने जगता येईल असे वेतन मिळणे हा न्यायाचा विषय ठरविला. मजुराची मजुरी अडविणे हे स्वर्गाकडे आक्रोश करणारे पाप होय, ही शिकवण तर बायबलच्या याकोबाच्या पत्रापर्यंत मागे जाते. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे देवाकडे केलेली तक्रारच आहेत. तक्रार हीही प्रार्थना होऊ शकते, याचे भान धर्मशिक्षणात द्यावयास हवे.

श्रद्धेची सर्वांत महाग किंमत मात्र कागदावर मोजावी लागते. १९५० च्या अनुसूचित जातीविषयक राष्ट्रपती-आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदानुसार अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी जोडला गेला. त्यात १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध यांचा समावेश झाला. ख्रिस्ती व मुस्लिम दलित बाहेर राहिले. परिणामी एकाच वस्तीतील, एकाच पूर्वजातीच्या दोन सख्ख्या भावांपैकी एक बौद्ध व दुसरा कॅथोलिक असेल, तर पहिल्यास मिळणारे प्रमाणपत्र दुसऱ्यास नाकारले जाते. महाराष्ट्रात अशा ख्रिस्ती व्यक्तींचा समावेश इतर मागासवर्गांत होतो. तथापि अनुसूचित जातींसाठीचे राखीव मतदारसंघ व अत्याचार-प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण त्यामुळे मिळत नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर आयोग नेमला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतील एका प्रकरणात, प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म आचरणाऱ्या व्यक्तीने केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणे मान्य केले नाही. घरात एक व दाखल्यावर दुसरी ओळख ठेवण्याचा मोह का होतो, हे यावरून समजते. त्याचा दोष केवळ व्यक्तीच्या दुबळेपणावर टाकणे न्याय्य ठरणार नाही.

ख्रिस्तसभेलाही येथे आत्मपरीक्षण टाळता येत नाही. भारतीय कॅथोलिक महागुरूंच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर केलेल्या दलित सक्षमीकरण धोरणात ख्रिस्तसभेअंतर्गत जातिभेद अस्तित्वात असल्याचे मान्य केले. वेदीभोवती समान असलेली माणसे वेदीपासून दूर जाताच असमान होत असतील, तर सोसण्याचा उपदेश पोकळ ठरतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, कॅथोलिक श्रद्धाचरण म्हणजे संघर्षातून पळवाट नव्हे, तसेच संघर्षापुढे शरणागतीही नव्हे. नित्यकर्म अर्पण करणे आणि त्या कर्माचे रास्त मोल मागणे ही एकाच श्रद्धेची दोन अंगे आहेत. पहिल्या अंगाचा भरपूर उपदेश झाला आहे. दुसऱ्याकडे धर्मशिक्षण, समाजशास्त्र आणि महाविद्यालयीन संशोधन या तिन्ही क्षेत्रांनी अधिक लक्ष देणे आवश्यक आहे. मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या वर्गात ऊसतोड कुटुंबांतील विद्यार्थी बसतात. त्यांच्यापैकी एखाद्याला प्रवेशअर्जातील ‘धर्म’ या रकान्यापुढे थांबावे लागते, तेव्हा त्या थांबण्यामागचा इतिहास अध्यापकाला ठाऊक असावा, एवढी अपेक्षा गैर ठरू नये.